डावी कड

९ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. गळ्यात सॅक्सोफोन अडकवलेला आहे, वाकता येत नाही.

एक बातमी आहे आणि एक विचारायचं आहे. बातमी आधी सांगते, नाहीतर म्हणशील, कामापुरती आठवण येते. वाद्यवृंदातली टेनर सॅक्सोफोनची जागा भरणार आहेत. हो, तीच, तुझी. तू आजारी पडल्यापासून टेनरकाका निवृत्तीतून उठून ती खुर्ची सांभाळत होते. आता त्यांचे पुढचे दात हलायला लागलेत. संचालिका बाईंनी फलकावर कागद लावला आणि म्हणाल्या, "चार वर्षं वाट पाहिली. आणखी किती पाहायची?" मी विचारलं, "मी अर्ज केला तर चालेल?" तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कुणी हात धरलाय का?" बाईंचं बोलणं तुला ठाऊकच आहे. परीक्षा २६ फेब्रुवारीला.

आता विचारायचं ते. माझा शाळेपासूनचा रबरी माउथपीस पार हिरवट तपकिरी पडलाय. तोंडात घेतला की काडेपेटीचा वास येतो, आणि बुडाशी चीर गेलीय. नवा हवाच. पण कुणाला विचारावं तर इथे दोन तट पडलेत. उंच्या म्हणतो, "टेनरला धातूच हवा. रबर म्हणजे तोंडावर मफलर गुंडाळून गाणं." (उंच्या म्हणजे आल्टो वाजवणारा, दारातून वाकून आत येतो तो. त्यालाही टेनरवर यायचंय, त्याचाही अर्ज आहे.) टेनरकाका म्हणतात, कडक रबरासारखं काही नाही, धातू ओठाला थंड लागतो आणि डोक्यात गरम चढतो. मी मधल्यामध्ये लोंबकळतेय.

तुझा धातूचा माउथपीस कुठे आहे गं? नुसता पडून असेल तर पाठवशील? तुला आता तो लागत नाही, आणि इथे अजून सगळे त्या आवाजाची आठवण काढतात.

फोनच केला असता, पण तुला फोन आवडत नाही.

तुझी,
बारकी

१७ जानेवारी

बारके,

आशीर्वाद. फोन मला आवडतो. पण फोनवर माझे प आणि ब ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून सांडतात आणि पलीकडचा माणूस "काय? काय?" करत राहतो. कागदावर माझे प, फ, ब, भ ठणठणीत आहेत.

अर्ज करतेस हे चांगलं. जागा भरायची हे बाईंनी मला दोन ओळींत कळवलं असतं तर बरं वाटलं असतं. असो.

धातू की रबर, हा प्रश्न आमच्या दुरुस्तीच्या दुकानात दिवसातून दोनदा येतो. मी सगळ्यांना एकच सांगते: आवाज हा माउथपीस कशापासून बनवलाय यावर कमी आणि तो आतून कसा कोरलाय यावर जास्त ठरतो. धातूचे बहुतेक माउथपीस आतून अरुंद आणि तळ उंच असलेले असतात. हवा दाटीवाटीने जाते, आवाज धारदार निघतो, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. रबरी आतून ऐसपैस असतो, आवाज गोल येतो. आणि तोंडात धरायलाही जाडजूड, त्यामुळे जबडा आपोआप उघडा राहतो. तुला लहानपणापासून चावायची खोड आहे. पेन्सिली चावायचीस, तशाच माउथपीसला लावायच्या वेताच्या पातळ रीडही चावतेस. बारीक धातूचा माउथपीस दिला तर तू त्याचा चुरा करशील. तुझ्या तोंडाला रबरच. यावर आणखी चर्चा नको.

माझा धातूचा मी केव्हाच देऊन टाकला. कुणाला, ते आता आठवत नाही.

तू नवा विकत घेऊ नकोस. कारखान्यातून आलेला एक कोरा रबरी तुकडा माझ्याकडे आहे. तो मी हाताने घासून, तुझ्या मापाचा करून पाठवते. इतकं तरी मला जमतं.

तुझी ताई

२७ जानेवारी

ताई,

तू स्वतः करून देणार म्हटल्यावर मी जिन्यात उडीच मारली. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई दार उघडून विचारायला लागल्या, काय पडलं म्हणून. त्यांना म्हटलं, पडलं काही नाही, माझी बहीण मला माउथपीस घडवून देतेय. त्यांना वाटलं दातांची कवळी.

सराव जोरात चाललाय. सकाळी शाळेत शिकवते, दुपारी दोन ते पाच तालमीच्या मागच्या खोलीत. तिथली खुर्ची अजून तीच, डाव्या पायाखाली पुठ्ठा घातलेली. तो पुठ्ठा तूच घातला होतास असं काका म्हणाले.

एक गंमत सांगते, तुला आवडेल. काल काका दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. आत येऊन म्हणाले, "तुझ्या बहिणीसारखा आवाज मी पुन्हा ऐकला नाही." मग म्हणाले, "तुझा तिच्यापेक्षा मऊ आहे. ती ऐकायला लावायची. तू ऐकायला बोलावतेस." मला इतकं लाजल्यासारखं झालं! आणि बाईंनी परीक्षेला कोणता तुकडा ठेवलाय माहितीये? तू दरवर्षी वाजवायचीस तो संथ एकल. सगळ्यांना तोच. मी म्हटलं, घरचाच आहे आमच्या. तू खोलीत घोटायचीस आणि मी भिंतीला कान लावून बसायचे. त्यामुळे तो मला बसवावा लागला नाही, येतच होता.

माउथपीस लवकर पाठव. रोज टपालपेटीत हात घालून बघते.

बारकी

५ फेब्रुवारी

बारके,

सोबत माउथपीस. सुबक झालाय, आमच्या मालकांनीही वाखाणला. सुरुवातीला थोडा अनोळखी वाटेल, पण नवीन वस्तूचं तसंच असतं. दहा-बारा दिवस रोज वाजवलास की ओठ ओळखू लागेल. मध्येच बदलाबदली करू नकोस. कुणाला बघायला देऊ नकोस, रबर नाजूक असतं, हाताळून टोकाला खरवडा पडतो.

काकांना नमस्कार सांग. ते नेहमीच कौतुक सढळ हाताने करत आले आहेत.

तुझी ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

काय करू सांग.

दिसायला इतका सुंदर आहे की आधी नुसता रुमालात ठेवून बघत बसले. खालच्या पट्टीत आवाज काय येतो! जाड मधासारखा. पण एकलाच्या तिसऱ्या ओळीत, जिथे वर जाऊन अगदी हळू व्हायचं, तिथे किंचाळतो. दर वेळी नाही. चार वेळा नीट, पाचव्या वेळी पिल्लू चिरडल्यासारखा. म्हणून जास्तच भीती वाटते. पुढच्या वेळी होईल की नाही, या विचारानेच ओठ आवळतो.

रीड बदलून पाहिल्या. तीन डब्या संपवल्या. रीड बांधायची पट्टी सैल केली, घट्ट केली. आरशासमोर बसून हनुवटी पाहिली. खालचा ओठ आतून सोललाय, गरम चहा पिता येत नाही. काल तालमीत सगळ्यांसमोर किंचाळला. उंच्या हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. बाई फक्त "पुन्हा" म्हणाल्या.

तू सांगितल्याप्रमाणे कुणाला दाखवला नाही. दाखवून तरी काय? तू केलेल्या वस्तूत खोट असणार नाही. खोट माझ्यात आहे. काका उगाच चढवून ठेवतात. तुझा एकल भिंतीपलीकडून ऐकणं वेगळं आणि चार माणसांसमोर वाजवणं वेगळं, हे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. अर्ज मागे घ्यावा असं वाटायला लागलंय. तेरा दिवस उरलेत. तू लिही.

बारकी

१६ फेब्रुवारी

बारके,

इतकी घाबरू नकोस. किंचाळणं नव्वद टक्के रीडमुळे असतं, उरलेलं ओठामुळे. अर्धा नंबर मऊ रीड घे. वर जाताना जीभ किंचित मागे ठेव. ओठाला दोन दिवस विश्रांती दे.

अर्ज मागे घ्यायचा की नाही हे तुझं तूच ठरव. मी त्यात पडत नाही. या वर्षी नाही झालं तर पुढे संधी येतातच.

ताई

१८ फेब्रुवारी

बारके,

परवाचं माझं पत्र फाडून टाक. रीड, ओठ, जीभ, सगळं खोटं लिहिलं. आणि त्या माउथपीसवर आहे तसा एक सूरही वाजवू नकोस.

रीड ज्या दोन कडांवर टेकते, त्यातली डावी कड उजवीपेक्षा केसभर खाली आहे. जोरात वाजवलं तर खपून जातं. हळू वाजवलं की रीड एका बाजूने आधी सुटते आणि किंचाळते. तुझ्यात खोट नाही. तू सलग चार वेळा नीट वाजवलंस हेच नवल आहे.

कसं झालं ते सांगते. घासताना हात सरकला, एवढं खरं. तसं कुणाचंही होतं. नंतर मी नेहमीप्रमाणे माउथपीस रेघा आखलेल्या काचेवर ठेवला आणि फटीत पातळ पोलादी पट्टी सरकवली. उजव्या कडेला ती जिथे थांबली, त्याच्या दोन रेघा पुढे डावीकडे गेली. दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली असती. तुझं पत्र तिथेच टेबलावर उघडं होतं. 'तुझा तिच्यापेक्षा मऊ आहे.' मी माउथपीस पुसला, डबीत ठेवला आणि डबीला दोरी बांधली. गाठ मारताना मला अगदी नीट कळत होतं मी काय करते आहे.

वर तुला बजावलं, कुणाला दाखवू नकोस म्हणून. आणि तुझं रडवेलं पत्र आल्यावर, पहिलं काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. तुझा ओठ सोललाय हे वाचून मला हायसं वाटलं. दोन दिवस ते वाक्य डोळ्यांसमोरून हलेना.

आणखी एक खोटं. धातूचा माउथपीस मी कुणालाही दिलेला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात असतो. रोज सकाळी मालक यायच्या आधी मी तो तोंडात धरते. डावी बाजू धरते, उजवी सोडून देते, हवा गालावरून निघून जाते. चार वर्षं रोज. वाटायचं, एखाद्या सकाळी धरेल. कुणी विचारलं, वाजवतेस का, तर मी सांगते, "सध्या बंद आहे." आणि तू लिहिलंस, तुला आता तो लागत नाही. तू सहज लिहिलंस हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुणी ती खुर्ची घेतली असती तर मी त्याच्या नावाने बोटं मोडून गप्प बसले असते. तू घेतेस म्हटल्यावर मला असा हेवा वाटला की मला माझीच भीती वाटली. मी ज्यासाठी वर्षानुवर्षं खोलीत घाम गाळला, ते तू भिंतीला कान लावून उचललंस.

आता काय करायचं ते नीट वाच. सपाट, जाड काच घे. त्यावर पाण्याने भिजवलेला सर्वांत बारीक पॉलिश पेपर. माउथपीसची सपाट बाजू खाली, उजव्या कडेवर बोटाचा भार किंचित जास्त, आणि टोकाच्या दिशेने घासायचे तीनच हात. तीन. मग पुसून पाहा, पट्टी दोन्हीकडे सारखी जाते का. सोबत माझी पट्टी आणि पेपर पाठवते. टोक थोडं जास्त उघडेल, तेव्हा मऊ रीड लाव. इथे पाठवून परत यायला वेळ नाही, आणि माझ्या हातात पुन्हा देशील असं मला वाटतही नाही.

सोबत धातूचाही पाठवते. कशावर वाजवायचं ते तू ठरव. मला विचारू नकोस. तरी एक सांगते, रबराबद्दल पहिल्या पत्रात जे लिहिलं ते खरं होतं. ते का लिहिलं, त्यात खोट होती. धातूच्या त्या आवाजात माझ्या खुर्चीवरून दुसरं कुणी वाजवलेलं मला ऐकायचं नव्हतं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला देणं भाग पडेल.

ताई

२२ फेब्रुवारी

ताई,

मला आधीच कळलं होतं.

तुझं सोळा तारखेचं पत्र वाचलं आणि काहीतरी खटकलं. मी रडत लिहिलं आणि तू 'पुढे संधी येतातच' लिहिलंस. तू असं कधी लिहीत नाहीस. तू मला चार शिव्या दिल्या असत्यास. मी माउथपीस घेऊन काकांकडे गेले. त्यांनी तो खिडकीच्या काचेवर टेकवून उजेडात पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मला परत दिला. म्हणाले, "डावी कड खाली गेलीय." मी म्हटलं, "तिच्या लक्षात आलं नसेल." ते चष्मा पुसत बसले. त्यावरूनच मला कळलं. त्यानंतर दोन दिवस मी टपालपेटीत हात घातला नाही. तिसऱ्या दिवशी तुझं पार्सल पोस्टमनने हातातच दिलं. ते आलं नसतं तर मी तुला पुन्हा कधी लिहिलं असतं की नाही, मला माहीत नाही.

मी खूप रागावले आहे. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, कारण रागावले हा शब्द पुरत नाही. माझा ओठ सोलला ताई. मी स्वतःला नालायक समजले.

आता माझंही ऐक. तुला ताप येऊन चेहरा वाकडा झाला, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मी आईसारखी रडले, सगळ्यांनी पाहिलं. पण त्या रडण्याच्या आधी एक क्षण आला होता. मनात आलं, आता तरी कुणी मला ऐकेल. मी त्याबद्दल कुणाला बोलले नाही. तुला तर नाहीच. आयुष्यभर मी 'तिची बहीण' होते. माझा सूर चांगला लागला तरी लोक तुझंच नाव घ्यायचे. तेव्हा हेवा फक्त तुझ्याच घरी राहतो असं समजू नकोस.

धातूचा कालच वाजवून पाहिला. तालमीच्या खोलीत, एकल पहिल्यापासून. आवाज असा निघाला की खिडकीचं तावदान थरथरलं. आणि काका शेजारच्या खोलीतून जवळजवळ धावत आले. दारात उभे राहिले. खुर्चीवर मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "तू होय," म्हणाले आणि परत गेले. बिचाऱ्यांना काही वाईट म्हणायचं नव्हतं. मी तो माउथपीस काढून ठेवला. तासाभरात माझे वरचे दात झिणझिणायला लागले होते, हेही खरं. तू म्हणालीस तसं मी चावतेच.

मग दंतवैद्यबाईंकडून त्यांची दातांचं सिमेंट कालवायची जाड काच मागून आणली. त्या म्हणाल्या, "आता तरी कवळी का?" स्वयंपाकाच्या ओट्यावर काच ठेवली. आधी दोन्ही हात गार पाण्याखाली धरले. तीन हात. तिसरा देताना श्वास धरला. तुझी पट्टी दोन्हीकडे एकाच रेघेवर थांबली.

तिसरी ओळ वीस वेळा वाजवली. वीसही वेळा आली.

बारकी

२७ फेब्रुवारी

ताई,

काल परीक्षा झाली. पडद्यामागून वाजवायचं होतं, बाईंनी नावं ऐकायची नाहीत असं ठरवलं होतं. रबरावर वाजवलं. जागा मला मिळाली. उंच्याने हात मिळवला आणि तो दोन दिवस तरी माझ्याशी बोलणार नाही म्हणाला, पण संध्याकाळीच येऊन बोलला.

पहिला कार्यक्रम १९ मार्चला. धातूचा माउथपीस रजिस्टर टपालाने परत पाठवला आहे. पोचल्याचं कळवायची गरज नाही.

बारकी

२२ मार्च

बारके,

तू कळवायची गरज नाही म्हणालीस म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. जागा मिळाल्याचं वाचून आनंद झाला असं लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. आनंद झाला नव्हता. आता खोटं लिहायचं नाही इतकंच ठरवलं आहे.

१९ तारखेला मी आले होते. मालकांकडून दुपारनंतरची सुट्टी घेतली, गाडीने आले. शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले. तू दिसत नव्हतीस, फक्त सॅक्सोफोनचा कर्णा आणि तुझा डावा बूट दिसत होता. मला तुझी चूक ऐकायची होती. हे वाचून तुला राग येईल, येऊ दे. पहिले दोन तुकडे मी नुसती चूकच शोधत होते. एक सापडली, दुसऱ्या तुकड्यात शेवटी तू अर्धा ठोका आधी आलीस. मनातून बरं वाटलं.

मग एकल आला. माझी बोटं पर्सवर आपोआप चालायला लागली. तीन ओळी आपण दोघी बरोबर वाजवल्या, म्हणजे तू वाजवल्यास आणि मी बोटं हलवली. चौथ्या ओळीत मी जिथे श्वास घ्यायचे, तिथे तू घेतला नाहीस. ओढत पुढे नेलीस, पार शेवटच्या सुरापर्यंत. मला वाटलं, पुरणार नाही, आत्ता तुटेल. तुटली नाही. माझी बोटं तिथे थांबली, कारण पुढे काय येतंय ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तो एकल वाजवला, पण ती ओळ अशी जाऊ शकते हे मला सुचलं नव्हतं. मी नुसती ऐकत बसले. किती वर्षांनी मी नुसतं ऐकलं असेल.

टाळ्या थांबल्यावर शेजारच्या बाईंनी माझ्या हातांकडे बघून विचारलं, "तुम्हीही वाजवता का?"

मी म्हटलं, "वाजवत होते."

असं मी पहिल्यांदा म्हटलं. प नव्हता, ब नव्हता, एकही अक्षर सांडलं नाही. त्या बाई "अरे वा" म्हणाल्या आणि पाणी शोधायला उठल्या.

तुला भेटायला मागे येणार होते. दारापर्यंत आले. आत सगळे तुझ्याभोवती होते, काका तुझ्या डोक्यावर हात ठेवत होते, आणि ते मला अजून बघवत नाही. म्हणून निघून आले. हेवा गेलेला नाही बारके. कमी झालाय का, तेही सांगता येत नाही. पण ती ओळ मला पुन्हा ऐकायची आहे.

ताई

२९ मार्च

ताई,

तुझं पत्र तालमीच्या खोलीत वाचलं, मग जिन्यात वाचलं, मग घरी.

माझा राग गेलेला नाही. तू आलीस आणि न भेटता गेलीस, त्याने तो आणखी वाढला. दुसऱ्या तुकड्यातली चूक मात्र तुझ्याशिवाय कुणालाच कळली नव्हती, बाईंनाही नाही. आणि चौथ्या ओळीत मी श्वास घ्यायला विसरले होते. घाबरून गेले होते. शेवटचा सूर आला तेव्हा डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. काकांना सांगितलं नाही, बाईंना सांगितलं नाही. त्यांना वाटतंय मी विचार करून केलं. तुला सांगते.

पुढचा कार्यक्रम १६ एप्रिलला आहे. तिकीट सोबत ठेवलंय. तिसरी रांग, मधली खुर्ची. आडोसा नाही.

तू समोर दिसलीस तर मी बहुतेक चुकेन. चुकले तर चुकले. तू तिथेच बस.

बारकी